चौथं चित्र

हिलाल सरांकडे एकच पुस्तक होतं, पाठ उसवलेलं,
कुठल्याशा शिबिरात वाटलेलं.
बॅट फिरवण्याची पाच चित्रं त्यात.
पहिल्यात माणूस नुसता उभा. दुसऱ्यात वजन मागच्या पायावर.
तिसऱ्यात पुढचं पाऊल जमिनीला टेकतंय.
पाचव्यात सगळं होऊन गेलेलं,
बॅट खांद्यामागे, नजर लांब.
चौथ्याचं पान उंदरांनी नेलं होतं.

म्हणजे बॅटला चेंडू लागतो ती जागा
तेवढी चोपड्यात कुणी पाहिलेली नव्हती.

सर दिवसभर केळीचे घड मोजून ट्रकमध्ये चढवायचे,
संध्याकाळी आमच्याकडून चौथं चित्र काढवायचे.
ठिबकच्या नळीचा तुकडा मातीत रोवलेला,
वर सायकलच्या ट्यूबचं कडं, कड्यावर चेंडू.
"मागच्या पायाखाली विडी आहे. विझव.
चवड्यानं. टाच वर."
मी विझवायची. रोज शंभर विड्या.
बुटाचा तळ एकाच जागी गोल झिजला.

पुढचं पाऊल कसं?
चैतातल्या दुपारी पत्र्यावर अनवाणी ठेवतात तसं.
टेकायचं, विश्वास टाकायचा नाही.
आणि मूठ?
"तुझी माय मांडे करते ना?
खापरावर टाकायच्या आधी हातावर फिरवते,
तेव्हा आवळते का?"

काही सूचना एकमेकींना खायच्या.
सोमवारी: चेंडूला येऊ दे.
गुरुवारी: चेंडूची वाट काय बघतेस, पाहुणा आहे का तो?
विचारलं तर म्हणायचे, दोन्ही खरं आहे,
आणि पाण्याच्या टाकीकडे निघून जायचे.

कंबर आणि खांदे मात्र काही केल्या सुटे होईनात.
माझं सगळं एकदम वळायचं,
बिजागरीवरचं दार वळावं तसं.
एका रविवारी सरांनी घरून ओली गोधडी आणली.
एक टोक माझ्या हातात, एक नसीबा तडवीच्या.
"पिळा. ती फिरेल, तू अडून राहा.
अजून. अजून. आता सोड."
पाणी सपकन माझ्या तोंडावर.
"हे! कंबर पहिले व आंडेर.
हात मांगून येतीन, त्याह्यले बलाऊ नको."

धुळ्याला, पाचव्या इनिंगमध्ये, दोन जणी बेसवर.
समोरची पोरगी डावखुरी, तिचा चेंडू शेवटी खाली बसायचा.
माझ्या डोक्यात विडी, पत्रा, मांडा, गोधडी,
सगळ्या वस्तू लग्नघरातल्या बायांसारख्या
एकाच वेळी बोलत होत्या.
पहिला गेला. दुसरा गेला.
तिसऱ्याला मी काय केलं ते मला सांगता येत नाही.
चुकलेला चेंडू कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो,
नीट बसलेला हाताला कळतच नाही.
मला कळलं नाही.
नसीबा ओरडत घराकडे पळत होती, त्यावरून ओळखलं.

गावच्या पेपरात फोटो आला, आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली.
बॅट म्हणजे एक राखाडी फराटा, चेंडू कुठेच नाही,
आणि माझे डोळे मिटलेले.
सरांनी तो ब्लेडने कापला,
तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये डिंकाने चिकटवला,
तळव्याने बराच वेळ दाबून धरला.
मग चष्मा कपाळावर सारून, पुस्तक डोळ्यांशी नेऊन म्हणाले,
"टाच बघ.
विडी अजून पेटलेलीच आहे."