शून्य पुरत नाही

भोसरीच्या या गल्लीत
पत्रे कापायचा आवाज दुपारी दीडला थांबतो,
तेव्हा मी गाभ्याची पट्टी तपासायला घेते.
प्रवाह वाढवत न्यायचा,
मग कमी करत आणायचा.
पडद्यावरची हिरवी रेघ चढते एका वाटेने
आणि उतरते दुसऱ्याच.
लक्ष्मी रस्त्याने गेलेला माणूस
केळकर रस्त्याने परततो, तसं.
फक्त इथे चौकात पोलीस नाही.

पुस्तकात याला शैथिल्य म्हणतात.
ज्याने हा शब्द पाडला
त्याने लोखंड कधी हातात धरलं नसावं.
लोखंड आळशी नाही, कुदळे.
त्याला आठवतं.
बटण बंद केलं, वायर काढून गुंडाळून ठेवली,
तरी एखादी टाचणी चिकटतेच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
तुम्ही स्टीलची फूटपट्टी
दोन तळव्यांत उभी धरलीत आणि दाबत गेलात.
सरळ. सरळ. अजून सरळ.
"बघा तांबे, हिला काही होत नाही,"
म्हणेपर्यंत ती डावीकडे फुगली.
उजवीकडेही फुगली असती.
दोन्ही वाटा तेवढ्याच मोकळ्या होत्या.
कुठली धरायची, ते ठरवलं
खिडकीतून आलेल्या एखाद्या फुंकरीने
किंवा पट्टीवरच्या जुन्या ओरखड्याने,
जो आपल्याला दिसतही नव्हता.

तेव्हा आपल्यावर साडेअकरा लाख होते.
वाइंडिंगची दोन मशीन, गाळ्याचं डिपॉझिट,
आणि तांब्याचा भाव दर सोमवारी वेगळा
(त्यावर माझ्या आडनावाचा तुमचा ठरलेला विनोद).
तीन वर्षं आपण सरळ उभे राहिलो.
मग एका मंगळवारी
चलनावर आधी सही कोणी करायची यावरून.
सांगायला लाज वाटावी इतकं किरकोळ.
लोक म्हणाले, पैसा.
तुमच्या मेहुण्यांनी माझा स्वभाव काढला.
मी ओरखडा शोधत बसले बरीच वर्षं,
जणू तो सापडला असता
तर ओझं कमी भरलं असतं.

तुम्ही चाकणला गेलात. मी इथेच.

कर्ज फिटलं. शेवटच्या हप्त्याचा पेढा
बँकेतल्या बाईंनी डायबिटीस म्हणून परत दिला,
तो मी जिन्यात उभी राहून खाल्ला.
ओझं शून्यावर आलं होतं.
मला वाटलं, आता होऊ सरळ.

फूटपट्टी झाली होती,
तुम्ही हात सैल केलेत त्याच क्षणी,
टण्ण असा आवाजही आला होता.
आपण पट्टीतले नव्हतो.
आपण गाभ्यातले.
तिथे शून्य पुरत नाही,
शून्याच्या पलीकडे जाऊन उलटं ढकलावं लागतं.
किती, ते ज्याच्या त्याच्या धातूवर.
मऊ लोखंडाचं थोडक्यात भागतं.
आपण दोघंही पोलाद,
त्यात पुण्याचं.

गेल्या गुरुवारी मी आले होते.
तुमच्या गाळ्यासमोर पंधरा मिनिटं
स्कूटर चालूच ठेवली.
आत तुम्ही कोणावर तरी ओरडत होतात,
"वेढे मोज रे, अंदाजे नको!"
आवाज तोच. खोकला नवा.
वॉचमनने विचारलं, कोण पाहिजे?
मी म्हटलं, गल्ली चुकले.

जाताना नाशिक रस्त्याने गेले,
येताना आळंदीवरून आले.
तो चौदावा मैल उगाचच जास्त.

शिकाऊ पोरांना मी एकच गोष्ट
पाठ करायला लावते:
चढती रेघ आणि उतरती रेघ
यांच्या पोटात जेवढी जागा सुटते
तेवढी उष्णता वाया गेली समजायची.
ती कुणाच्या बिलात लागत नाही.
पण गाभा तापतो.

रात्री गाळ्याचं शटर ओढल्यावर
स्कूटरच्या इंजिनाला हात लावून पाहिला.
अजून कोमट होतं.