घराबाहेरच्या रात्री

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लाइल ह्रुस्का आला,
बुटांच्या खोक्यात वर्ष भरून.
ग्रँड आयलंडला अजून बर्फ होता,
रस्त्याकडेला, काळा पडलेला.
खोकं त्यानं टेबलावर ठेवलं,
डॉक्टरपुढे शर्ट वर करावा तसं.

मी पावत्या लावत गेले.
डिझेल, शायेन. टायर दोन, सॉल्ट लेक.
ताडपत्री. टोल. वजनकाटा.
अंघोळ, पंधरा डॉलर, साबण-टॉवेलसह.
काही डॅशबोर्डवरच्या उन्हानं
पार कोऱ्या झालेल्या. दिव्याखाली तिरप्या धरून पाहिल्या.
"ती ओमाहाची," तो म्हणाला,
"मीटलोफ. बरा नव्हता."

घराबाहेर काढलेल्या रात्री?
"दोनशे एक्क्याण्णव."
लॉगबुक पुढे सरकवलं.
आणि उरलेल्या चौऱ्याहत्तर?
"त्याही ट्रकमध्येच. पण उभ्या."

मी पेन खाली ठेवलं.
घर?
"लव्हॉन गेली, मग विकलं.
हॉस्पिटलनंच घेतलं म्हणा.
पत्रं बहिणीकडे येतात, ऑर्डला."
तिला भाडं देता काही?
"गवत कापून देतो.
एकदा पन्हळ बसवली."

कसं सांगायचं असतं हे?
घरापासून लांब जेवलेलं वजा होतं,
पण ज्याला घर आहे त्याचंच.
ज्याला नाही, तो लांब जातच नाही कधी.
चाक थांबेल तिथे तो घरी.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
आणि पाठ करपात्र.

डिझेल चालेल, मी म्हटलं. टायर चालतील. ताडपत्रीसुद्धा.
ट्रकनं खाल्लं ते सगळं वजा.
तुम्ही खाल्लं ते नाही.

तो चिडला नाही.
टोपी काढली, आतली शिवण पाहिली, पुन्हा घातली.
"म्हणजे जानेवारीत, शायेनबाहेर,
रस्ता बंद होता, वारा अख्खा ट्रक हलवत होता,
तेव्हा मी घरी होतो?"
कागदोपत्री, हो.
"लव्हॉनला कळायला हवं होतं.
तिची आयुष्यभर तीच तक्रार."

अंघोळीच्या पावत्या माझ्या हातातच राहिल्या होत्या,
सत्तावन्न, रबरबँड लावलेल्या.
बाहेर त्याचा ट्रक दोन गाड्यांची जागा अडवून
घुरघुरत होता. इंजिन बंद केलं नव्हतं त्यानं.

माझी फी त्यानं रोख मोजून दिली,
आणि पावती मागितली.
"ही चालते ना?"
चालते, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी.