पाऊणकी

आज चतुर्थी. चार पाऊणे तीन.
तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी.
हे शाळेतलं नव्हे. हे शेवंताचं,
माझ्या थोरल्या जावेचं,
जिला घड्याळात किती वाजले
ते शेवटपर्यंत वाचता आलं नाही.

मी लांज्याकडची, वरच्या अंगाची.
लग्न होऊन पूर्णगडला आले तेव्हा
समुद्र म्हणजे नुसता आवाज होता,
रात्रभर कुणी सुपात तांदूळ पाखडतंय तसा.
झोप लागायची नाही.
ती म्हणाली, घाबरतंस कशाला गो,
तिथीची पाऊणपट कर.
तो सांगून येतो बिचारा.

बाकी कोण सांगून येतं?

साखर नाही आली सांगून.
खडकावर कालवं फोडताना
पाण्यात तांबडं दिसलं, वाटलं शेवाळ.
घरी येऊन पाय धुतला तर
टाच उघडी पडलेली, शिंपल्यासारखी.
दुखलं नव्हतं. तेच वाईट, पावसचे डॉक्टर म्हणाले,
आणि पेनाचं टोक एकेका बोटाला लावत विचारत गेले,
कळतंय? कळतंय?
मी छताकडे बघून अंदाजाने हो म्हणत होते.

इन्सुलिन नझीरच्या टपरीतल्या फ्रिजमध्ये असतं,
आमच्याकडे फ्रिज नाही.
गिऱ्हाईक असलं की तो मोठ्याने म्हणतो,
तुमचं ते सरबत मागच्या फळीवर ठेवलंय, काकी.
सरबत. मी पण म्हणते, हो, थंड झालं का?

पाटल्या पतपेढीत आहेत.
चाळीस हजारांवर ठेवल्या, तीस फेडले.
चाळीस पाऊणे तीस, माझं गणित चोख.
खिडकीतला मुलगा म्हणाला, मावशी, व्याज धरून अजून अठरा.
त्याला पाऊणकी येत नसणार.
किंवा त्याची भरती निराळ्या तिथीवर चालते.

शेवंता षष्ठीला गेली.
साधा ताप, रत्नागिरीला पाच दिवस सलाईन.
माणूस ओहोटीबरोबर जातं म्हणतात.
ती दुपारी साडेचारला गेली.
सहा पाऊणे साडेचार. भरपूर पाण्यात.
कॉटजवळ उभी राहून मी हेच करत होते, गुणाकार,
सगळे रडत होते तेव्हा.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर बरेच दिवस गेलेच नाही खडकावर.
तिथी कळायची, पाय निघायचा नाही.
मग तिच्या प्रसन्नाने त्याचे गमबूट आणून टाकले,
नऊ नंबरचे. काकी, ह्याच्याशिवाय उतरायचं नाही.
मला पाच नंबर लागतो.
पुढे उरतं तिथे तिचं जुनं लुगडं फाडून कोंबलं,
हिरवं, बारीक चौकडीचं.
चालताना बदकासारखी दिसते, नझीरची बायको हसली.
मी पण हसले. किती महिन्यांनी, ते मोजलं नाही.

आम्ही दोघी होतो तेव्हा चार वाटे लावायचो.
तीन विकायचे, चौथा घरी.
नोटीस आल्यापासून मी चारही विकत होते,
आणि रात्री आमटीत नुसती आमसुलं.
आज बाजारात एक बाई चौथ्या वाट्याला हात लावू लागली,
तेव्हा तोंडातून निघून गेलं,
तो नाही विकायचा, ताई.
ती म्हणाली, मग मांडलात कशाला?
काय सांगणार.
मांडायची सवय.

अर्धा नझीरकडे दिला. फ्रिजचं भाडं, म्हटलं.
तो नको नको म्हणत डबा शोधायला आत गेला.
उरलेल्याचं सुकं केलं, खोबरं जरा जास्त घालून.
तिखट तिच्या हाताचं झालं नाही.
खाल्लं मात्र पोटभर, सुई टोचून घेऊन मगच.

पतपेढीत सोमवारी जायचंय.
अठराचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

बूट पडवीत उलटे घालून ठेवलेत.
चिंध्या दोरीवर, रात्रीत वाळतील.
टाच आरशात बघितली, रोज बघायची असते,
न दुखणारी जागा डोळ्यांनी सांभाळायची.
कोरडी आहे.

उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.
पावणेदहाला खडक उघडा पडेल.