नवसागर

शेफिल्डच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर,
लोहक्षारांच्या पिवळट पाण्यात
मी अमोनिया सोडते, थेंब थेंब,
आणि पाणी एकाएकी काळं होतं.
हूडची काच खाली असली तरी
वास निसटतोच थोडा.
मॉरीन इबॉटसन लगेच खिडकी उघडते.
एकवीस वर्षं ती इथली काचभांडी धुतेय.

मला हा वास ओळखीचा.
कराडच्या बाजारात बाबा भाता चालवायचे,
तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट,
पांढरा धूर,
कथलाची कांडी टेकवून कापसाची एक फिरकी:
आत पितळ, वर चांदणं.
शोभेसाठी नसते गं कल्हई, म्हणायचे,
ताक कळकू नये म्हणून असते.

बोडके कण एकमेकांना धरून बसतात,
गठ्ठा होऊन तळाशी.
रक्तात असे सोडले तर काय होईल
ते सांगायला नको.
म्हणून डेक्स्ट्रान. साखरेच्या लांब साखळ्या
कणाकणाभोवती.
तापमान पाच अंश चुकलं
की सगळा दिवस सिंकमध्ये.

मॉरीनची आई चमच्यांना चांदी चढवायच्या कारखान्यात होती,
तपकिरी कागदाचा एप्रन बांधून पॉलिश करायची.
म्हणजे आपण दोघी लेपवाल्यांच्या मुली,
मी एकदा म्हटलं.
ती म्हणाली, माझी आई युनियनमध्ये होती, तुझे बाबा?
बाबा एकटेच होते. एक भाता, एक सायकल.

ऑक्टोबरात चहा पिताना तिने सांगितलं,
गाठ निघालीय.
डावीकडे.
आधी एक तपकिरी औषध टोचणार,
मग काखेतली पहारेकरी गाठ कुठली
ते चुंबकी कांडीने हुडकणार.
आपलंच का गं ते?
नाही, कंपनीचं. छोटी बाटली. पण घराणं तेच.
वरून काय लावलंय?
साखर.
वा, ती म्हणाली,
आणि मला डॉक्टर म्हणतात, बिस्किटं बंद.

त्या रात्री मी झोपले नाही.
कारण मला माहीत आहे:
कण अंगात शिरले की क्षणात
रक्तातली प्रथिनं त्यांच्यावर चढतात,
आपलं पांघरूण घालतात,
आणि शरीर बघतं ते पांघरूण.
सात महिने मी ज्या लेपापायी झिजले
तो तिथे कुणाला दिसतही नाही.
फोनवर बाबांना सांगितलं.
पलीकडे जरा शांतता.
मग म्हणाले, कल्हई वापरानेच उडते,
त्यात काय एवढं.

जानेवारीत ती परत आली.
ब्लाउजची एक गुंडी काढून दाखवला डाग:
बशीत सांडलेल्या चहाएवढा, गंजाच्या रंगाचा.
वर्षभर तरी राहील म्हणतात.
पोलादाच्या गावात जन्मले,
मी सोडून सगळं गंजलं होतं,
ती म्हणाली, आणि हसली,
आणि हसताना टाके दुखले म्हणून थांबली.
तीन गाठी काढल्या.
एकीत होतं.
दोन स्वच्छ.
फेब्रुवारीपासून रेडिएशन, ट्रामने जाता येईल असं हॉस्पिटल.

आज तिने माझं बीकर हातात घेतलं,
काचेला बाहेरून चुंबक लावला.
काळं सगळं एका बाजूला धावलं,
पाणी लख्ख.
चुंबक काढला. हलवलं.
पुन्हा सगळीकडे तेच काळं,
जणू कुणी बोलावलंच नव्हतं.
विसरतात होय लगेच?
हो. तेवढ्यासाठीच घेतो आपण यांना.
ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, शहाणे आहेत.

मी नवीन घाण चढवली, अमोनिया सोडला.
वास आला.
ती सवयीने खिडकीकडे गेली, कडीला हात लावला.
राहू दे, मी म्हटलं.
दोनच मिनिटं.
तिने विचारलं नाही का ते.
बाहेर टेकडीवर दिवे लागत होते, पाऊस होताच.
ती तिथेच उभी राहिली,
कडीवर हात ठेवून.