गैरअर्जदार

कागदावर माझं नाव आता गैरअर्जदार.
शेवंता कापगते, वय एकावन्न,
धंदा धान भरडाई, एक हलर, एक पॉलिशर,
वीस अश्वशक्तीची मोटर.
रतिराम वलथरे हा अर्जदार.
बारा वर्षं मी त्याला रत्या म्हणत होती,
तो मला बाई.

डोंगरवार वकिलांजवळ एक तक्ता आहे,
बोटांचा भाव त्यात छापून आलाय.
तर्जनी, पूर्ण गेली तर, चौदा टक्के.
मधलं बोट, दोन पेरं, नऊ.
चौदा न नऊ तेवीस,
मग पगार, मग वयाचा आकडा, मग गुणाकार.
धानाचा उतारा मी तोंडी काढते,
क्विंटलला बासष्ट किलो तांदूळ, दहा कनकी,
बाकी कोंडा न तूस.
हा हिशेब मात्र कागदावरून वाचावा लागला,
दोनदा.

"हा तुमचा मजूर होता, हे कुठं लिहिलंय?"
वकिलांनी विचारलं, अन् पेनाला टोपण लावलं,
म्हणजे उत्तर त्यांना ठाऊक होतं.
"मस्टर नाही, पगारपत्रक नाही, विमा नाही.
म्हणायचं, स्वतःचं धान घेऊन आला होता.
गिऱ्हाईक होता."

गिऱ्हाईक!
रतिरामजवळ बांधभर जमीन नाही.
ढिवरांच्या मोहल्ल्यातला, तळ्याचा माणूस.
मासोळी कोणी भरडायला आणत नाही, वकीलसाहेब.
हे मी म्हटलं नाही.
मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
मलाच सांगता येणार नाही.

मस्टर नाही हे खरं.
पण वही आहे एक, पोरीच्या शाळेची उरलेली,
पहिल्या पानांवर भूमितीचे त्रिकोण अजून तसेच.
त्यानंतर दर शनिवारचा आकडा
न आकड्यापुढं निळा अंगठा.
अंगठा त्याचा शाबूत आहे.
अंगठ्याला तक्त्यात किती, ते मी विचारलं नाही.

वहीहून जड गोष्ट दुसरीच आहे.
पट्ट्यावरची जाळी.
दिवाळीनंतरची गर्दी, पट्टा घसरे घडीघडी,
दर वेळी चार बोल्ट खोला, चार कसा.
"ठेव ना काढून बाजूले,"
असं कोण म्हणालं?
मोटर चालू होती. मोटरला साक्षीला बोलावत नाहीत.
जाळी कोपऱ्यात पडली आहे,
तिच्यावर पोतं टाकून कोंबडी बसवली मी.
अर्जात जाळीचा शब्द नाही.
रतिरामनं त्याच्या वकिलालाही सांगितलं नसावं.
काहून?

साहेब रजेवर. तारीख पडली.
"समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही,"
डोंगरवार म्हणाले, न दुसऱ्या अशिलाकडं वळले.
पण भंडाऱ्याहून लाखांदूरची गाडी एकच,
न तिच्यात रिकामी जागा एकच.

अड्याळपर्यंत आम्ही कायद्यानं वागलो.
तो खिडकीबाहेर, मी पिशवीकडं.
पिशवीत वही होती, सकाळपासून,
दिवसभर तिची चेन मी उघडली नव्हती.
कंडक्टरनं तिकीट दिलं तेव्हा त्यानं ते
अंगठा न अनामिकेत धरलं,
जसं नवीन सुनेनं पदर धरावा,
अजून सवय नसलेलं.

पवनीचा पूल आला.
त्यानं बाहेर पाहतच विचारलं,
"बाई, जाळीवरल्या कोंबडीनं पिल्लं काहाडले का जी?"
मी म्हटलं, "अकरा ठेवले होते. आठ निघाले."
"बरं हाय," तो म्हणाला.
मग आसगाव येईपर्यंत काहीच नाही.

रात्री दिवा घेऊन मी मिलमध्ये गेली.
पिल्लं पोत्यासकट टोपल्यात हलवली,
कोंबडी हातावर टोचली, टोचू दिलं.
जाळी झटकली, पट्ट्याशी लावून पाहिली.
तुसात, हलरच्या पायाशी, डब्यात
बोल्ट शोधत बसली.

तीन सापडले.
सतरा तारखेला माझी साक्ष आहे.