खाल्ल्या मिठाला

ईरी सरोवरावरून वारा येतो तो थेट हाडांत.
धान्याच्या बोटी उपसून माणसं वर येतात
भुवयांसकट पांढरी,
थुंकली तरी गव्हाचा चिखल.

बफेलो बंदर. साल अठराशे चौऱ्याण्णव.
क्लाउसनरच्या गुत्त्यावर पाटी: जेवण फुकट.
खाली बारीक अक्षरांत काही नाही.
बारीक अक्षरं आत, वाल्बुर्गाच्या बरणीत.

ती पहाटे चारला उठते.
हेरिंगच्या पोटात मूठ मूठ मीठ,
अंडी मिठाच्या पाण्यात,
पावालासुद्धा सोडत नाही.
मालकानं पहिल्याच दिवशी बजावलंय,
"चव बघू नकोस. तहान बघ."

लॉर्कन नवा, आयर्लंडहून आलेला.
इथल्या भाषेतले दोन शब्द त्याला वाचता येतात:
स्वतःचं नाव, आणि 'फुकट'.
तीन मासे खातो, लाजत लाजत चौथा.
मग एक ग्लास. पाच सेंट.
मग घसा म्हणतो, अजून.
शनिवारी पगार त्याच काउंटरवर,
देणारा तोच, वजा करणारा तोच.
खोलीवर पोचतो तेव्हा खिशात
एक बटण आणि एक भोक.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
तोही जागतो. रात्री दोनला उठून
बर्फ धरलेल्या बादलीत
गुरासारखं तोंड घालतो.

एका बुधवारी वाल्बुर्गा
(का, ते तिलाही सांगता आलं नसतं.
त्याचे कान तिच्या धाकट्या भावासारखे होते,
एवढंच)
एक मासा रात्रभर गोड्या पाण्यात ठेवते,
चार वेळा पाणी बदलते.
दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटलीत सरकवते.

तो खातो. थांबतो.
जिभेवर समुद्र नाही. अळणी, नुसता मासा.
तोंड पुसतो, टोपी चढवतो,
आणि पाच सेंट खिशात तसेच घेऊन
दाराबाहेर.

क्लाउसनर बघतो. बोलत काही नाही.
शनिवारी तिच्या पगारातून कापतो:
मासा एक,
ग्लास तीन, जे कुणी प्यायलंच नव्हतं.

फुकट जेवण नसतंच, असं पुढे लोक म्हणू लागले
शहाण्यासारखी मान हलवून.
खरंच आहे.
लॉर्कनला मात्र त्या गुरुवारचं बिल
कुणी भरलं ते कधी कळलं नाही.
म्हातारपणी नातवंडांना सांगायचा,
"एकदाच जेवलो तसा. बफेलोत.
चकटफू."