खुळखुळा

होमा बेच्या किनाऱ्यावर
अपोंदी ओमेना वाळत घालते,
बोटाएवढी चंदेरी मासळी.
कमरेला लेसोच्या गाठीत
गोळ्यांची बाटली.
चालली की वाजते.

"धडधाकट आहेस, मग औषध कशाला?"
सासू.
"कुणासाठी घेतेस?"
नवरा.
पास्टर नुसताच खाकरतो.

नर्स म्हणाली होती, रोज एक, न चुकता.
पहिला आठवडा मळमळ;
तिलाही वाटून गेलं,
खरंच बोलत असतील का लोक?

नवरा महिनोन्महिने
या बेटावरून त्या बेटावर होडी लावतो.
तिथे कोण रांधतं, कोण अंथरतं,
त्याला कुणी विचारत नाही.

काल तिने बाटलीत कापूस कोंबला.
आता चालताना
डोक्यावरच्या टोपलीत
वाळकी मासळी
तेवढी
कुजबुजते.